गुन्ह्यांचा दर वाचावा कसा?

बंगळुरूला बदली झालेला सहकारी असो वा तेथे गृहकर्जावर घर घेणारा ग्राहक, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ही वसाहत सुरक्षित आहे ना?’ आयुष्यभराची पुंजी गुंतवताना हा प्रश्न रास्तच आहे; परंतु केवळ शहराच्या आकड्यावरून उत्तर काढणे योग्य नव्हे.

गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे काढतात. २०२३ मध्ये बंगळुरूत सायबर गुन्ह्यांची १७,६३१ प्रकरणे नोंदली गेली. या संख्येला २०११ च्या जनगणनेतील सुमारे ८५ लाख लोकसंख्येने भागले, की दर येतो २०७. समजा, आजची लोकसंख्या १ कोटी ३० लाख धरली, तर तोच दर १३६ वर उतरतो. गुन्हा एकही घटला नाही. बदलला तो केवळ छेद.

अंशाचेही तसेच आहे. त्यात फक्त नोंदलेला गुन्हा येतो. तक्रार करण्यास कचरणारी वसाहत कागदावर सुरक्षित दिसते, तर जागरूक वसाहत बदनाम होते.

शिवाय शहराचा दर आपल्या गल्लीविषयी काहीच सांगत नाही. म्हणून घर पाहण्यास एकदा दिवसा व एकदा रात्री जावे. रस्त्यावरील दिवे व वर्दळ पाहावी, शेजाऱ्यांशी बोलावे. आणि सायबर चोराला कुलूप तोडावे लागत नाही, हेही ध्यानी ठेवावे. फसवणूक होताच १९३० वर व आपल्या बँकेस तत्काळ कळवावे. अन्य संकटात ११२ आहेच. संकोचाने गप्प बसणे मात्र चोराच्याच पथ्यावर पडते.