दात देणाऱ्याने मोजावेत

दिवाळीच्या आधी माळा उतरवला की, घर बदलायचे ठरले की, किंवा कुणी परदेशी निघाले की मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायला लागतात. मिक्सर चालू आहे, फक्त झाकणाचे रबर गेले आहे. कपाट मजबूत आहे, उचलायला दोन माणसे लागतील. ट्रेडमिल अगदी नवा आहे, आणि हे बहुतेक वेळा खरेच असते. देणाऱ्याच्या मनात कपट नसते. वस्तू चांगली आहे, आपल्याला नको आहे, मित्राच्या उपयोगी पडली तर बरेच, इतकाच सरळ हिशेब असतो. तरीही अशा देण्याघेण्यातून अवघडलेली मैत्री इतक्या घरांत पाहिली आहे, की कुणी विचारलेच तर माझा सल्ला एकच असतो. मित्राला जुनी वस्तू देण्याआधी, ती नाकारणे त्याला किती सोपे जाईल याचा विचार करा. वस्तू किती चांगली, किती महागाची, हा प्रश्न नंतरचा. समोरच्याला नाही म्हणता येत नसेल, तर आपण त्याला काही देत नसतो, आपला भार त्याच्या दारात उतरवत असतो.

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण आपण नेहमी घेणाऱ्याला ऐकवतो. फुकट मिळतेय ना, मग खोट काढू नकोस. म्हणीचा रोख समजण्यासारखा आहे, पण घेणाऱ्याने दात मोजायचे नसतील तर ते आधी कुणीतरी मोजलेले हवेत, आणि तो माणूस देणाराच असू शकतो. कठोपनिषदाची सुरुवात नेमकी इथून होते. वाजश्रवस सर्वस्व देण्याचा यज्ञ करतो. दक्षिणेच्या गाई निघतात तेव्हा त्याच्या पोराच्या, नचिकेत्याच्या, लक्षात येते की त्या म्हाताऱ्या आणि आटलेल्या आहेत. घेणाऱ्यांपैकी कुणी तक्रार केल्याचे तिथे येत नाही. अस्वस्थ होतो तो देणाऱ्याच्याच घरातला मुलगा. मला कुणाला देणार, असे तो बापाला पुन्हा पुन्हा विचारतो आणि बाप चिडून त्याला मृत्यूच्या हवाली करतो. पुढच्या आत्मज्ञानाच्या संवादात गाईंची ही गोष्ट मागे पडते. मला मात्र ती फार ओळखीची वाटते. यजमानाने नावाला सगळे दिले. प्रत्यक्षात चाऱ्याचा खर्च दुसऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधला. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितले आहे, तेही अशाच व्यवहारी शहाणपणातून आले असावे. वन बीएचकेत राहणाऱ्या मित्राला ट्रेडमिल देताना पात्र कितीही योग्य असले तरी देश साफ चुकलेला असतो.

मित्राला नाही म्हणणे इतके जड का जाते, याचे उत्तर मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 साली भेटवस्तूंवर लिहिलेल्या निबंधात सापडते. पॉलिनेशिया, मेलानेशिया आणि अमेरिकेचा वायव्य किनारा इथल्या चालीरीती तपासून तो सांगतो की भेट दिसायला ऐच्छिक असली तरी तिच्याभोवती तीन बंधने असतात: देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परत करण्याचे. महाराष्ट्रातल्या माणसाला हे कळायला पॉलिनेशियापर्यंत जायची गरज नाही. लग्नघरी आहेराची वही असते. कुणी किती पाकीट दिले, कुणी साडी दिली, कुणी भांडे, हे त्यात नावानिशी उतरते आणि त्यांच्याकडचे कार्य निघाले की वही बाहेर येते. या वहीला हसणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. ती प्रामाणिक आहे. किती आले आणि किती द्यायचे हे तिच्यात स्पष्ट असते, आणि देणे फिटल्यावर दोन्ही घरे मोकळी होतात.

जुन्या वस्तूची नोंद अशा कुठल्याही वहीत होत नाही, आणि अडचण तिथेच आहे. देणारा म्हणतो, अरे, त्यात काय, पडूनच होती. म्हणजे किंमत शून्य. पण ही शून्य किंमत तोंडदेखली असते. डॅनिअल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग अर्थशास्त्रात गाजले. विद्यार्थ्यांच्या एका गटाला कॉफीचे मग दिले आणि ते किती किमतीला विकाल असे विचारले. मग न मिळालेल्यांना किती किमतीला घ्याल असे विचारले. मग हातात येऊन थोडाच वेळ झाला होता, तरी विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट भरली. जी वस्तू बारा वर्षे घरात होती, जिच्यावर मुलाचा पहिला वाढदिवस झाला, त्या डायनिंग टेबलाची मनातली किंमत किती फुगलेली असेल, याचा अंदाज करावा. घेणाऱ्याला मात्र त्यात एक डगमगता पाय आणि टेम्पोचे भाडे दिसते. एकाच्या लेखी त्याने मोठे काही दिले, दुसऱ्याच्या लेखी त्याने मित्राची अडचण दूर केली. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, आणि दोघेही समोरच्याकडून आभाराची वाट पाहत राहतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की खऱ्या मित्रांमध्ये हे हिशेब नसतातच. जिथे हिशेब आला तिथे मैत्री कसली. ऐकायला हे छान आहे. पैशांचा हिशेब खरोखर नसेलही, पण तो दुसऱ्या रूपाने येतो. घरी आल्यावर देणाऱ्याची नजर भिंतीवर आपले जुने घड्याळ शोधते. घड्याळ दिसले नाही की तो सहज म्हणून विचारतो, बंद पडले का? त्या दिवसापासून यजमान तो यायच्या आधी घड्याळ कपाटातून काढून खिळ्याला लावायला लागतो. इतके झाले तरी दोघेही म्हणतील की आमच्यात हिशेब नाही. घर आवरण्याच्या सल्ल्यासाठी जगभर प्रसिद्ध झालेल्या मारी कोंडो या जपानी लेखिकेने, आपल्याला नको असलेल्या वस्तू घरच्यांच्या गळ्यात मारू नका, असे बजावले आहे. आपण नको झालेले कपडे धाकट्या बहिणीला देत होतो, हेही तिने लिहिले आहे. धाकट्या बहिणीला नाही म्हणणे किती अवघड, हे मोठ्या कुटुंबात वाढलेल्यांना सांगायला नको. मैत्री जितकी जुनी आणि जवळची तितका नकार जड, म्हणून काळजी तिथेच जास्त घ्यायची. अनोळखी माणूस ‘नको, धन्यवाद’ म्हणून मोकळा होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मित्राला नको असेल तर गरजूला द्या. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला काहीही चालते. हे ‘काहीही चालते’ मला सर्वांत धोक्याचे वाटते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर देशभरातून मदतीचे ट्रक तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गेले आणि नागपट्टिणम भागात रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. घरदार वाहून गेलेल्या मच्छीमार कुटुंबांनीही ते उचलले नाहीत. आदल्या आठवड्यापर्यंत ती स्वतःच्या होड्यांवर पोट भरणारी माणसे होती. त्यांना दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कपडे घालायचे नव्हते. तिथे निदान नाकारता तरी आले. आपल्या घरात धुणेभांडी करणाऱ्या मावशींना तेवढीही सोय नसते. विटलेली साडी, कालची भाजी, तुटक्या चेनची बॅग त्यांच्यापुढे धरली की त्या घेतात, कारण नाही म्हटले तर ‘हल्ली हिचे नखरे वाढलेत’ असे ऐकावे लागण्याची भीती असते. ती बॅग वाटेतल्या कचराकुंडीत जाते हे आपल्याला दिसत नाही, आणि आपण उदार झाल्याच्या समाधानात राहतो. काही घरांत तर अशी साडी दिवाळीच्या बोनसच्या हिशेबात धरली जाते. त्याला दान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती वेतनातली कपात आहे. मावशींना साडी द्यायचीच असेल तर बोनस रोख, पूर्ण आणि आधी हातावर ठेवावा, आणि साडीचे नंतर, दुसऱ्या दिवशी विचारावे.

याच्या अगदी उलट टोकाला बोहारीण आहे, आणि मला तिच्याबद्दल फार आदर आहे. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन चाळीतून, सोसायट्यांतून फिरणाऱ्या या बायका, त्यांतल्या पुष्कळ गुजरातकडच्या वाघरी समाजाच्या, साडी उजेडात धरतात, विरलेली जागा बोट घालून दाखवतात, जरीला हात लावून पाहतात आणि तुमच्या पाच साड्या-दोन पँटींना एक स्टीलचे पातेले देऊ करतात. घासाघीस होते, कधी त्या उठून चालू लागतात. त्या वस्तूचे दात तुमच्या डोळ्यांदेखत मोजतात आणि तुम्हाला तुमच्या आठवणींची बाजारातली किंमत कळते. म्हणूनच कदाचित सुशिक्षित घरांना हा व्यवहार क्षुद्र वाटू लागला आणि ‘कुणाला तरी देऊन टाकू’ हे मोठेपणाचे वाटू लागले. पण बोहारणीकडे गेलेला कपडा वाया जात नाही. दिल्लीत रघुबीर नगरला अशा कपड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथून ते दुरुस्त होऊन पुन्हा विकले जातात. लोकरीच्या चिंध्यांपासून पानिपतमध्ये सूत आणि ब्लँकेटे होतात. तेव्हा ‘मित्राने घेतले नाही तर वस्तू कचऱ्यात जाईल’ हा पर्यावरणाच्या नावाने केला जाणारा आग्रहही टिकत नाही. रद्दीवाला, भंगारवाला, पुण्याचा जुना बाजार ही सगळी आपल्याकडची जुनी व्यवस्था आहे. शिवाय 1999 मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या ‘गूंज’सारख्या संस्था आहेत. गूंजची पद्धत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिथे कपडे भीक म्हणून वाटत नाहीत. गावातली माणसे विहीर, रस्ता, बांध अशी स्वतःच्या गावाची कामे करतात आणि त्याबदल्यात वस्तू घेतात. घेणाऱ्याने काही दिलेले असले की त्याला निवडण्याचा हक्क येतो.

मग मित्रांमध्ये जुन्या वस्तूंची देवाणघेवाण होऊच नये का? तसे मुळीच नाही. आपल्याकडे ती काही ठिकाणी उत्तम चालते. तान्ह्या बाळाला दुसऱ्या बाळाचे धुऊन मऊ झालेले कपडे घालतात, ते हौसेने मागून आणतात. एक पाळणा चार घरी फिरतो. दहावीची पुस्तके पुढच्या वर्षीच्या पोरीकडे जातात, समासातल्या खुणांसकट, आणि अभ्यासक्रम बदलेपर्यंत कुणाची हरकत नसते. इथे गरज घेणाऱ्याच्या तोंडून आधी येते. मुदत ठरलेली असते, बाळ सहा महिन्यांत मोठे होते. आणि वस्तू पुढे जाणार हे सर्वांना माहीत असते, त्यामुळे ती कुणाच्याच उपकाराची राहत नाही. बाकीच्या वस्तूंनाही ही वागणूक देता येते. एका मित्राला गाठून ‘तुला देतोय’ म्हणण्यापेक्षा ग्रुपवर सगळ्यांना विचारावे, म्हणजे गप्प बसणे हाच नकार होतो. दोष गुणांच्या आधी लिहावेत. शेवटी एक वाक्य जोडावे की रविवारपर्यंत कुणाला नको असेल तर भंगारवाल्याला बोलावले आहे, आणि त्याला खरेच बोलावलेले असावे. वस्तू न सांगता घेऊन जाऊ नये. दारात उभ्या असलेल्या मित्राला कपाट परत न्यायला कुणीच सांगत नाही. टेम्पो आणि हमाल कोण देणार हे आधी बोलून घ्यावे.

मोठ्या वस्तूंच्या बाबतीत भिडेपेक्षा कागद महत्त्वाचा. स्कूटर मित्राला फुकट दिली तरी आरटीओत फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलावे लागते. राज्यातल्या राज्यात देणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचे असते. मैत्रीत हे राहून जाते, कारण कागद मागणे अविश्वासाचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले की गाडी हातोहात कितीही पुढे गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याची. दागिना किंवा चित्र द्यायचे असेल तर प्राप्तिकराच्या नियमांत मित्र हा नातेवाईक धरला जात नाही हे लक्षात ठेवावे. अशा भेटीचे मूल्य 50,000 रुपयांच्या वर गेले की घेणाऱ्याच्या उत्पन्नात ते मोजले जाते. जुना फोन, लॅपटॉप देताना आपली खाती बंद करून सगळे पुसून, सिम काढून द्यावे. मित्रावर विश्वास असतो, पण तो फोन पुढे त्याच्या भाच्याकडे जातो.

एकदा दिल्यावर मात्र विचारू नये. वापरतोस का, कुठे ठेवलेस, आवडले का, काहीही नाही. दिलेला सोफा पुढच्या महिन्यात ओएलएक्सवर दिसला तर चिडण्याचे कारण नाही. सोफा त्याचा आहे, आणि चार पैसे आले तर तेही त्याचेच. फार तर जाहिरातीतली किंमत पाहून ठेवावी. आपण मनात धरली होती तिच्याशी ताडून पाहायला उपयोगी पडते.