कोयनेचा भेक : सड्यावरील एका दुर्मिळ जिवाचे संरक्षण

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर, जांभ्या खडकाची विस्तीर्ण पठारे पसरलेली आहेत. लोकव्यवहारात त्यांना ‘सडा’ म्हणतात. पावसाळा सरला की हे सडे उघडे पडतात. उन्हाळ्यात तर तेथील कातळावर पाऊल ठरत नाही. जमिनीच्या दप्तरात अशा क्षेत्राची नोंद बहुधा पोटखराब किंवा पडीक अशी असते. तथापि, शेतीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरलेली ही भूमी निसर्गाच्या दृष्टीने पडीक नाही. महाराष्ट्राच्या सह्याद्रीखेरीज जगात अन्यत्र कोठेही न आढळणारा ‘कोयनेचा भेक’ कोयना-चांदोली परिसरातील अशाच पठारांच्या, गवताळ रानांच्या आणि जंगलांच्या आश्रयाने जगत आहे.

ओळख आणि नोंद

भेक हा बेडकाच्याच गणातील उभयचर प्राणी होय. त्याची कातडी खरखरीत, पाय तुलनेने आखूड, आणि चाल लांब उड्यांऐवजी लहान लहान उड्यांची असते. घराच्या अंगणात पावसाळी रात्री दिसणारा भेक सर्वांच्या परिचयाचा आहे. कोयनेचा भेक त्याहून आकाराने बराच लहान असून त्याच्या दोन्ही कुशींवर गडद पिवळ्या रंगाचे ठिपके असतात. या ठिपक्यांवरून तो चटकन ओळखू येतो.

विज्ञानाला या जातीची ओळख १९६३ साली झाली. पाटण तालुक्यातील हुंबर्ळी गावच्या परिसरात, म्हणजे कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाजवळ, मिळालेल्या नमुन्यांवरून पी. डब्ल्यू. सोमण यांनी तिचे प्रथम वर्णन केले. पुढे २००९ साली एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जाती इतर भेकांपासून वेगळी असल्याचे दाखवून तिच्यासाठी ‘झँथोफ्राइन’ हा नवा वंश निर्माण केला. त्याच वेळी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथील, कुशींवर वाघासारखे पिवळे पट्टे असलेल्या भेकाचेही वर्णन करण्यात आले. जागतिक निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत कोयनेच्या भेकाची गणना संकटग्रस्त जातींत, तर आंबोलीच्या भेकाची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करण्यात आली आहे.

घोटाभर पाण्याचे महत्त्व

पावसाळ्याच्या आरंभी सड्यावरील खोलगट जागांत पाणी साचते. ही डबकी घोटाभर खोल, कित्येकदा त्याहूनही उथळ असतात. भेकांच्या पुढील पिढीची वाढ अशा पाण्यात होते. अंड्यांतून बाहेर पडलेल्या डिंभांना डबके आटण्यापूर्वी पाय फुटून जमिनीवर यावे लागते.

इतके बेभरवशाचे पाणी हा जीव का पत्करतो, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, जे पाणी आटते त्यात मासे राहत नाहीत आणि डिंभ खाणारे मोठे जलकीटकही फारसे वाढत नाहीत. उथळ पाणी लवकर तापते, त्यामुळे डिंभांची वाढ त्वरेने होते. डबक्याचा उथळपणा आणि त्याचे आटणे हेच या पिढीचे संरक्षण आहे.

समुद्रकाठचा धडा

या संदर्भात इंग्लंडचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील ‘नॅटरजॅक’ नावाचा भेक समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत आणि उघड्या माळांवर राहतो व टेकड्यांमधील उथळ, तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतो. विसाव्या शतकात त्याची संख्या झपाट्याने घटली. काही ठिकाणी वाळूच्या जमिनीवर वस्ती झाली, काही ठिकाणी पाइन वृक्षांची लागवड झाली, तर काही ठिकाणी गुरांची चराई थांबल्याने झुडपे माजली. १९७५ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु केवळ कायद्याने काम भागले नाही. झुडपे काढणे, मर्यादित चराई पुन्हा सुरू करणे आणि उथळ डबकी मुद्दाम राखणे हे उपाय योजावे लागले. खोल व कायम पाण्याची तळी त्याला उपकारक ठरत नाहीत, कारण तेथे त्याच्या डिंभांचे शत्रू आणि स्पर्धक वाढतात. उघड्या भूमीवरील जिवाला ती भूमी उघडीच लागते, हा त्यातील बोध आहे.

सद्हेतूने होणारी हानी

कोयनेच्या भेकाचा बराचसा प्रदेश संरक्षित आहे. कोयना वन्यजीव अभयारण्य आणि चांदोली अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. चांदोलीला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला आणि २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ जागतिक वारसा स्थळांत या दोहोंचा समावेश झाला. मात्र सडे अभयारण्याच्या सीमेपाशी संपत नाहीत. सीमेबाहेरील पठारांचा निर्णय महसूल खाते, ग्रामपंचायती आणि खातेदार यांच्या हाती असतो.

येथे हानी नेहमीच लोभाने होते असे नाही. पाणी साठावे म्हणून नैसर्गिक डबके खोदून खोल केले जाते. पडीक जागेचा उपयोग व्हावा म्हणून कातळात खड्डे पाडून झाडे लावली जातात. बांधकामासाठी सुटे दगड गोळा होतात आणि त्यांखालचा जिवांचा उन्हाळी आसरा नाहीसा होतो. जांभा काढण्यासाठी खाणी निघतात. पर्यटकांची वाहने सड्यावर फिरून ऐन विणीच्या दिवसांत डबकी तुडवितात. यांतील जलसंधारण आणि वृक्षारोपण ही कामे स्तुत्य आहेत, परंतु त्यांची जागा सडा नव्हे. तीच कामे उतारावरील मातीच्या जमिनीत किंवा गावठाणाजवळ घेतल्यास गावाचेही हित साधेल आणि सडाही अबाधित राहील.

ग्रामपंचायतींचे अधिकार

जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील कलम ४१ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आवश्यक आहे. गावातील जिवांची व त्यांच्या वसतिस्थानांची लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे महत्त्वाचे काम होय. या नोंदवहीत सड्यांची, त्यांवरील पावसाळी डबक्यांची आणि तेथे दिसणाऱ्या बेडूक-भेकांची स्वतंत्र नोंद व्हावी. एखादे काम मंजुरीसाठी आले की ही नोंद प्रथम पाहिली जावी.

कलम ३७ अन्वये राज्य शासनाला स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून जैवविविधता वारसा स्थळ घोषित करता येते. आंबोली येथील हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेले मंदिराचे कुंड व परिसर, एका लहानशा माशाच्या रक्षणासाठी, २०२१ साली असे स्थळ म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र अवघे २.११ हेक्टर आहे. लहान जिवासाठी लहान जागा राखणे शक्य आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

शाळांचा सहभाग

सड्यालगतच्या गावांतील शिक्षकांना या कार्यात मोठी मदत करता येईल. विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात वडीलधाऱ्यांसह जाऊन डबके केव्हा भरले, केव्हा आटले, त्यात डिंभ दिसले काय, एवढे जरी दरवर्षी एका वहीत टिपले, तरी काही वर्षांत मोलाची माहिती जमा होईल. भेकांना हात लावू नये, त्यांना बाटलीत धरू नये आणि एका डबक्यातील पाणी दुसऱ्यात टाकू नये, ही शिस्त मात्र पाळावी. रोगकारक बुरशी पाण्यातून पसरते आणि पश्चिम घाटातील उभयचरांत अशी बुरशी आढळलेली आहे.

बेडूक व भेक कीटकांवर जगतात आणि स्वतः साप, पक्षी व इतर प्राण्यांचे भक्ष्य होतात. त्यांची कातडी पाणी आणि हवा शोषून घेते, त्यामुळे परिसरातील बिघाड त्यांना लवकर जाणवतो. कोयनेच्या भेकासाठी मोठ्या खर्चाच्या योजनेची फारशी गरज नाही. दप्तरात पडीक म्हणून लिहिलेल्या सड्यावरचे घोटाभर पाणी जसे आहे तसे राहू देण्याचा निर्णय तेवढा वेळेवर झाला पाहिजे.