भीमबेटका : एका चुकीचा धडा

नाताळच्या सुटीत आम्ही इंदूरहून पचमढीला निघालो होतो. भोपाळ सोडून साधारण ४५ किलोमीटर गेल्यावर पप्पांनी गाडी भीमबेटक्याकडे वळवली. "अर्धा तासच हं!" मी कुरकुरले. बॅगेत माझा अर्धवट निबंध होता. एका कवितेचा अर्थ मी ठरवून टाकला होता, पण शेवटचं कडवं त्यात बसेना. ते सरळ वगळायचं, असं मनात होतं.

अर्ध्या तासाचे अडीच तास झाले.

भीमबेटक्याला विंध्याच्या डोंगरात सातशेहून जास्त शैलाश्रय आहेत. त्यांतल्या अनेकांत लाल-पांढऱ्या रंगांची चित्रं आहेत. काही ठिकाणी जुन्या प्राण्यांवरच नंतरच्या लोकांनी आपली चित्रं काढली, तरी खालची रेघ अजून दिसते.

आपल्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे शिकण्यासारखं आहे ते म्हणजे ही जागा कशी 'वाचली' गेली. १८८८ साली किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने ऐकीव माहितीवरून तिची बौद्ध स्थळ म्हणून नोंद केली. १९५७ मध्ये उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर यांना रेल्वेतून हे खडक दिसले. ते स्वतः तिथे गेले, आणि अर्थ बदलला. २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा स्थळ झालं.

पण मला जास्त भिडली ती पुढची गोष्ट. २०२१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी इथल्या एका गुहेतली पानासारखी खूण म्हणजे 'डिकिन्सोनिया' या अतिप्राचीन जिवाचा जीवाश्म आहे, असं प्रसिद्ध केलं. मोठी बातमी झाली. नंतर दुसऱ्या संशोधकांनी जाऊन पाहिलं, तर ती खूण खडकावरून सुटत चालली होती. जीवाश्म असा सुटत नाही. ते निघालं मधमाश्यांचं जुनं पोळं! २०२३ मध्ये हे छापून आलं, आणि मूळ दावा करणाऱ्या प्रमुख संशोधकांनीही आपली चूक मान्य केली.

मित्रमैत्रिणींनो, कवितेतही असंच असतं. जी ओळ आपल्या अर्थात बसत नाही, तीच आपल्याला तपासत असते. तिला वगळलं, तर आपण पोळ्यालाच जीवाश्म म्हणत राहू.

पचमढीच्या खोलीत मी निबंधाची चार पानं फाडली आणि शेवटच्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात केली.

स्वाध्याय : तुमच्या आवडत्या कवितेतली, तुमच्या अर्थाला न जुमानणारी एक ओळ शोधा. पुढच्या बैठकीला तीच घेऊन या.