तेराव्यानंतर

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. ते २०१२ साली सुरू झाले. मराठवाड्यातल्या गावागावांतून रोगी तेथे येतात. पुष्कळ बरे होतात. काहींचा आजार मात्र फार पुढे गेलेला असतो.

मग काहीच करता येत नाही का? येते! दुखणे कमी करता येते. जखम धुता येते. जवळ बसता येते. अशा शुश्रूषेसाठी वेगळी घरे असतात. त्यांना हॉस्पिस म्हणतात. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले. त्याचे नाव शांती अवेदना सदन. अवेदना म्हणजे वेदना नसणे.

या कामाची एक शिकवण आहे. रोगी गेला म्हणून काम संपत नाही. मागे राहिलेल्यांनाही आधार द्यायचा असतो.

आम्ही एक घर पाहिले. घरधनी कर्करोगाने गेले. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले. चौदाव्या दिवशी कोणी नाही. बाई एकट्या चुलीपुढे बसत. म्हणत, "मी त्यांना लवकर दवाखान्यात नेलं असतं तर?"

शेजारच्या आजी रोज येऊ लागल्या. त्यांनी "रडू नको" म्हटले नाही. "तुझंच चुकलं" असेही म्हटले नाही. त्या नुसत्या ऐकत. एक दिवस म्हणाल्या, "पोरी, तू त्यांची सेवा केलीस. आम्ही पाहिलंय." त्या रात्री बाई पोटभर जेवल्या.

धाकटा मुलगा विचारी, "बाबा कधी येणार?" लोक सांगत, "गावाला गेलेत." पोर रोज वाट पाही. शेवटी आईने त्याला जवळ घेऊन खरे सांगितले. दोघे रडली. पण पोराचे वाट पाहणे संपले.

दुःखात आणखी दुःख घालू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. विधवेचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. आपणही हे करू शकतो.

कामाची मदतही हवी. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करावी. गरीब विधवेसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. तिचा अर्ज भरायला सोबत जावे.

झोप लागत नसेल, जगणे नको वाटत असेल, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत.

तेराव्याला सगळेच जातात. आपण चौदाव्या दिवशीही जाऊ या.

सांगा पाहू :
१. आजींनी काय केले?
२. आपल्या गल्लीत असे कोणते घर आहे?