पहिला शोधनिबंध कुठे धाडावा?

प्रश्न : मी मालवण तालुक्यात राहते, कॉलेजात शिकवते. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, मासेमारीवर माहिती जमवून पहिला शोधनिबंध लिहिलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिराती येतात : ‘आयएसएसएन असलेलं आंतरराष्ट्रीय जर्नल, यूजीसी केअर, तीन दिवसांत प्रसिद्धी, शुल्क फक्त १८०० रुपये.’ सहकारी म्हणतात, एकदाचा छापून टाक. काय करू?
– एक वाचक, मालवण

उत्तर : तीन दिवसांत निबंध छापता येतो, तपासता येत नाही. विषयातली दोन-तीन जाणती माणसं तो वाचणार, शंका काढणार, तुम्ही पुन्हा लिहिणार. यात महिने जातात. आयएसएसएन हा नुसता क्रमांक. होडीवर नोंदणीचा नंबर रंगवलाय म्हणून ती पाणी घेत नाही, असं कुणी रापणकर म्हणेल का?

‘यूजीसी केअर’चीही कथा ऐका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, जुन्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने बरीच नियतकालिकं शिरली होती. पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यांची छाननी केली. इतर कुठल्याही सूचीत नसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार असावीत, असा त्यांचा निष्कर्ष २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. त्या नावाने आजही पैसे मागणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. शुल्क घेणारं प्रत्येक नियतकालिक लबाड नसतं, पण आकडा आणि घाई दोन्ही जाहिरातीतच दिसली की पुढे वाचू नये.

मग धाडायचं कुठे? आपल्याच निबंधाची संदर्भसूची काढा. ज्या नियतकालिकाचं नाव तिथे वारंवार येतं, त्याचे वाचक तुमचेही वाचक. बांगडा-तारलीची आवक, जाळ्याची लांबी, हंगाम अशी आकडेवारी असेल तर मरीन बायॉलॉजिकल असोसिएशन ऑफ इंडियाचं १९५९पासूनचं जर्नल किंवा ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’ पाहा. रापणीतले मासळीचे वाटे आणि पर्ससीन जाळी लावणाऱ्या यांत्रिक बोटवाल्यांशी झगडा, पर्ससीनवरच्या ५ फेब्रुवारी २०१६च्या सरकारी निर्बंधांनंतर काय बदललं, हा गाभा असेल तर ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ (ईपीडब्ल्यू). दोन्ही असेल तर दोन निबंध होतील. एकच निबंध एका वेळी दोघांकडे मात्र पाठवू नका. संपादक ते विसरत नाहीत.

आपल्या जिल्ह्यातलीच उदाहरणं घ्या. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डेच्या देवराईत जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. तिची नोंद २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली, तीही छोटंसं टिपण म्हणून. पहिला लेख लांबलचकच हवा, हा समज तेवढ्याने जावा. आंबोलीच्या हिरण्यकेशीतल्या नव्या माशाचं वर्णन २०२०मध्ये ‘अ‍ॅक्वा’ या मत्स्यशास्त्राच्या जर्नलमध्ये आलं. सामान्य वाचकाने त्याचं नावही ऐकलेलं नसेल, पण माशांचं वर्गीकरण करणारे ते पाहतात. २०२१मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. केवळ निबंधाने हे झालं असं मी म्हणत नाही. पण सरकारपुढे ठेवायला तज्ज्ञांनी तपासलेला कागद लागतो, आणि १८०० रुपयांच्या छपाईला तिथे कुणी विचारणार नाही.

नकार येईल, बहुधा येईलच. सोबत परीक्षकांचे शेरे आले तर ते वापरून दुसरीकडे धाडा. मराठीतही वेगळा लेख लिहा, ‘समाज प्रबोधन पत्रिके’सारख्या ठिकाणी. आणि कुठेही पाठवण्याआधी तो एखाद्या जुन्या रापणकराला वाचून दाखवा. वाट्यांच्या हिशेबातली चूक तो परीक्षकाच्या आधी पकडेल आणि सगळ्यांदेखत सांगेल.