मुलाचे गुडघे आत वळले, तर शस्त्रक्रियाच करावी लागते का?

दोन ते सहा वर्षांच्या मुलांत गुडघे किंचित आत वळणे बहुधा नैसर्गिकच. पुढे ते आपोआप सरळ होतात. जबलपूरजवळच्या मंडला जिल्ह्यातील तिलईपानी गावात मात्र हातपंपाच्या पाण्यातील फ्लोराइड आणि आहारातील कॅल्शियमची उणीव यांमुळे मुलांचे पाय वाकडे झाले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राने तेथे सुरक्षित पाण्याबरोबर टाकळ्याच्या भाजीवर भर दिला. फुकट उगवणाऱ्या या रानभाजीत कॅल्शियम भरपूर असते. पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड नको.

व्यंग उरलेच तर शस्त्रक्रिया. वाढत्या वयात गुडघ्याच्या आतील बाजूस, हाड जिथून वाढते त्या वाढपट्टीवर छोटी प्लेट बसवतात; पाय हळूहळू सरळ होतो. वाढ थांबल्यावर हाड कापून, सरळ करून जोडावे लागते.