उपास कर, प्रश्नही विचार

अगं, परवा तू मेसेज पाठवलास, ‘ताई, गौरी येताहेत आणि माझी तारीखही तेव्हाच. गोळी घेऊ का?’ आणि लगेच पुसूनही टाकलास. पण मी तो वाचला होता. असले प्रश्न पुसायचे नसतात गं, विचारायचे असतात. म्हणून आज जरा सविस्तर बोलते.

आधी गोळीचं. सणवार जवळ आले की मेडिकलवाला चिठ्ठी न मागता ती पट्टी कागदात गुंडाळून हातावर ठेवतो. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नॉरेथिस्टेरॉन. हे संप्रेरक आहे. गोळी चालू आहे तोवर पाळी लांबते, बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत येते. कुणाला मळमळतं, कुणाचं डोकं ठणकतं. स्वतःला किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, यकृताचा आजार किंवा अर्धशिशी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हातही लावू नकोस. शेजारच्या काकूंना चालली म्हणून तुला चालेलच असं नाही. आणि हो, ह्या गोळीने गर्भ राहायचा थांबतो हा निव्वळ गैरसमज आहे.

‘पण विटाळ?’ असं तू म्हणशील. चौदाव्या शतकात आपल्या सोयराबाईने, चोखोबांच्या बायकोने, अभंगातून ही विटाळाची कल्पनाच मोडीत काढली. वारीत पाळी आली म्हणून पंढरीची वाट सोडून न देणाऱ्या कितीतरी बायका आहेत. गौरीपुढे बसायचं की नाही, ते तू आणि आई मिळून ठरवा. पण देवीच्या धाकाने गोळी गिळू नकोस.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या वर्गातली एक जण म्हणत होती ना, ‘त्याने देवळात मला कुंकू लावलं, म्हणजे आमचं लग्न झालंच’? तिला नीट सांग. कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पुरी लागतात. 2012 च्या पॉक्सो कायद्यात अठराच्या आतली संमती ही संमतीच धरत नाहीत. रीतसर लग्न लावलं तरी अठराच्या आतल्या बायकोशी ठेवलेला संबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली स्पष्ट केलंय. देवीपुढच्या कुंकवाने वय वाढत नाही. आणि देवाला साक्षीला बोलावून जो घाई करतो, त्याच्यापासून चार हात लांबच बरं.

तू स्वतः म्हणतेस, ‘लग्नाआधी काही नाही.’ हा तुझ्या श्रद्धेतून आलेला निश्चय आहे, मला त्याचा आदर आहे. कुणी हसलं तरी सोडू नकोस. फक्त निश्चय केला म्हणजे माहितीची गरज संपली, असं समजू नकोस. अमेरिकेत 1993 पासून चर्चमधून पोरापोरींना लग्नापर्यंत थांबण्याची शपथ देण्याची मोहीम चालली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शपथ घेतलेली आणि त्यांच्यासारखीच पण शपथ न घेतलेली मुलं पाच वर्षांनी ताडून पाहिली. वागण्यात फरक नव्हता. फरक होता तो काळजी घेण्यात. शपथवाली मुलं निरोध आणि इतर साधनं कमी वापरत होती. शंभरातल्या ब्याऐंशी जणांनी तर आपण शपथ घेतलीच नव्हती असं सांगितलं! ‘आपल्यावर ती वेळ येणारच नाही’ असं धरून चाललं की वेळेला हाताशी काहीच नसतं.

म्हणून हे ठाऊक असू दे. तातडीची गर्भनिरोधक गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. गुप्तरोगापासून ती वाचवत नाही, ते काम निरोधच करतो. पाळी चुकली तर नवस बोलत दिवस काढू नयेत, तपासणी करावी. अल्पवयीन मुलीला पालकांच्या लेखी संमतीने, डॉक्टरांच्या निर्णयानुसार, 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. ‘पाप झालं’ म्हणून गप्प बसलेल्या मुलीचे हेच आठवडे हातचे जातात.

घरी बोलता येत नसेल तर सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे जा. कुणी जबरदस्ती केली तर 1098 वर फोन कर. उपास कर, आरती म्हण, देवाकडे बळ माग. पण शरीराचा निर्णय नीट विचारून, समजून घे. आणि यापुढे मला मेसेज पाठवलास, तर तो पुसू नकोस.